पदवीधराचे बिऱ्हाड

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून शिक्षणविषयक लेख येतो तो बहुधा वसतिगृहाविषयी असतो. इमारतीसाठी जागा कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, पहिल्या वर्षी किती मुले राहिली आणि त्यांतील कोण पुढे नावारूपास आले, हा तपशील आपल्या घरोघरी ठाऊक आहे व तो पुनःपुन्हा सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. तथापि हे सर्व वाङ्मय चाळून पाहता एक गोष्ट ध्यानात येते. विद्यार्थी पदवीधर झाला की तो या लेखांतून नाहीसा होतो. तो पुढे एम. ए. झाला, त्याने प्रबंध लिहिला, एवढी ओळ सापडते. पण ती दोन, चार किंवा सहा वर्षे तो कोणाच्या छपराखाली राहिला, काय जेवला आणि रात्री दिवा लावून वाचावयास त्यास कोपरा मिळाला की नाही, हे कोणी लिहीत नाही. याचे कारण उघड आहे. बहुतेक ज्ञातिवसतिगृहांच्या नियमांत मुलाचा हक्क पदवी परीक्षेच्या निकालाबरोबर संपतो, आणि जेथे आपला नियम संपतो तेथे आपला इतिहासही संपतो.

यंदा आमच्या वसतिगृह समितीपुढे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जागा द्यावी की न द्यावी हा विषय आलेला आहे. त्यावर मते देण्यापूर्वी अशा विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडाचा इतिहास काय सांगतो हे वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने आम्ही हे टिपण लिहिले आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीच. त्या काळी विद्यापीठाचे काम मुख्यत्वे परीक्षा घेण्याचे. शिकविणे व राहावयास जागा देणे ही कामे महाविद्यालयांची. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून पुढे ज्या ‘दक्षिणा फेलोशिप’ निघाल्या, त्यांचा मोठा आधार या पदवीधरांस होता. फेलोने खालच्या वर्गास शिकवावे, वेतन घ्यावे आणि स्वतःचा पुढील अभ्यास चालू ठेवावा, अशी ती योजना होती. शाळकरी मुलांसाठी वार लावून जेवण्याची व माधुकरीची रीत समाजात होतीच. पण वीस-बावीस वर्षांच्या, कदाचित घरी बायको असलेल्या पदवीधराने झोळी घेऊन दारोदार जावे हे शोभणारे नव्हते. म्हणून ज्यास फेलोशिप मिळाली तो तरला, आणि ज्यास ती मिळाली नाही त्याने बहुधा सरकारी नोकरी पत्करली.

या पिढीतील सर्वांत प्रसिद्ध खोल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील होत. कॉलेजची येरवड्याची इमारत १८६८ पासून वापरात आली. गावापासून दूर, नदीपलीकडे, टेकडीच्या आधाराने ती उभी आहे. १८७९ साली बाळ गंगाधर टिळक तेथे कायद्याचा अभ्यास करीत होते आणि गोपाळ गणेश आगरकर एम. ए.ची तयारी करीत होते. आगरकरांच्या दारिद्र्याच्या गोष्टी महाराष्ट्रात सर्वश्रुत आहेत. अंगातला एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावयाचा, ही त्यांतलीच एक. अशा या दोघा पदवीधरांनी त्या खोल्यांतून व टेकडीवरील फेरफटक्यांत रात्री-अपरात्री जो वाद केला, त्यातून सरकारी नोकरी न धरता स्वतः शाळा काढण्याचा निश्चय झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सहवासात तो तडीस गेला आणि १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पुढे दोघांचे बिनसले, ते कायमचेच. पण १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात दोघे पुन्हा एकत्र राहिले, ते स्नेही म्हणूनच. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे.

हे आम्ही विस्ताराने सांगतो याचे कारण असे की, या दोघांस डेक्कन कॉलेजने नुसते छप्पर दिले नाही, जोड दिली. शाळकरी मुलास देखरेख लागते, महाविद्यालयीन मुलास शिस्त लागते. पण पदवीधरास वाद घालावयास कोणीतरी बरोबरीचा लागतो. पुस्तके ग्रंथालयात मिळतात. हा सोबती मात्र शेजारच्या खोलीतच मिळावा लागतो. याच डेक्कन कॉलेजास सरकारने १९३४ साली टाळे लावले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध चिकाटीने झगडा केला आणि १९३९ साली ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावती कर्वे व ह. धी. सांकलिया यांची कामगिरी तेथलीच. ज्या माजी विद्यार्थ्यांनी हा खटाटोप केला, त्यांतील अनेकजण त्याच आवारात राहिलेले होते, हे विसरता येत नाही.

आता आपल्या विषयाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. डेक्कन कॉलेजच्या खोल्या ज्यांना मिळाल्या ते बहुतेक एकाच वरच्या वर्णाचे होते. बाकीच्या समाजाच्या मुलांना शिकण्यासाठी शहरात येऊन राहण्याचीच सोय नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांस खुले असे वसतिगृह काढून पाहिले. पण व्यवहारात त्याचा लाभ ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरताच राहिला. तेव्हा महाराजांनी निराळा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैन बोर्डिंग निघाले, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, १९१५ साली सारस्वतांसाठी, याप्रमाणे एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणू लागले. आज आपण ज्ञातिवसतिगृह म्हणून जे काही चालवितो त्याचा नमुना पुष्कळ अंशी तेथलाच आहे. प्रत्येक जातीने आपापल्या मुलांचा भार उचलावा, म्हणजे त्या जातीत शिक्षणाची गोडी लागेल, हा महाराजांचा हिशेब होता; आणि तो हिशेब चुकला असे कोणासही म्हणता येणार नाही. मात्र तो हिशेब शाळेतल्या व कॉलेजातल्या मुलांचा होता. एम. ए. करणारा मुलगा त्या काळी बहुजन समाजात इतका विरळा होता की त्याच्यासाठी नियम करावा असे कोणास सुचण्याचे कारणही नव्हते. आमची तक्रार एवढीच की, शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी नियमांची ती मर्यादा आपण तशीच ठेवली.

उच्च शिक्षणासाठी जे परदेशी गेले त्यांची कथा आणखी निराळी. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे असल्यामुळे आमच्या विषयाच्या काठावरचे आहे, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांना राहावयास जी खोली मिळाली तिच्यातील शेगडीची धुरकांडी धड नव्हती. शेगडी पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर तेथली थंडी. त्यात स्वयंपाक आपला आपण करावयाचा आणि नेसावयास लुगडे. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम. डी. झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यास वारल्या. त्यांच्या क्षयास ती एक खोलीच कारण झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या खोलीने तो लवकर आणला असेल असे आम्हांस वाटते.

लंडनमध्ये काळ्या माणसास भाड्याने खोली मिळणे कठीण, म्हणून श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ काढले. सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची तेथे सोय होती. पुढच्याच वर्षी बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी गेलेले विनायक दामोदर सावरकर तेथे राहिले, आणि ते घर राजकारणाचे केंद्र कसे झाले हे इतिहासप्रसिद्ध आहे. येथेही तोच अनुभव. एका घरात समानशील पदवीधर एकत्र आले की अभ्यासक्रमात नसलेले पुष्कळ काही घडून येते; ते प्रत्येकास रुचेलच असे नाही.

तथापि आमच्या विषयाचे मर्म ज्या एका चरित्रात एकवटले आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांनी बी. ए.पर्यंतचा अभ्यास परळच्या चाळीतील घरात केला. माणसांनी व संसाराच्या सामानाने भरलेल्या खोलीत निवांतपणा मिळावयाचा तो मध्यरात्रीनंतर. वडील त्यांना दोन वाजता उठवीत आणि मग अभ्यास चाले. महाराज सयाजीराव गायकवाडांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा जन्मात प्रथमच त्यांना विद्यार्थ्यासाठी म्हणून बांधलेली खोली मिळाली. प्रारंभी थोडे दिवस ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तेथले जेवण मानवेना म्हणून हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात स्थिर झाले. तेथे त्यांचा सहवासी नवल भथेना हा पारशी तरुण होता. तेथे शिवाशीव नव्हती. एकाच टेबलाशी बसून जेवावयाचे, एकाच ग्रंथालयात वाचावयाचे. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. जातीविषयी इतके स्वच्छ विवेचन करणारा हा पहिला निबंध, जेथे जात विचारली जात नव्हती अशा वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने लिहिला, याचा आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी विचार करावा.

१९१६ साली ते लंडनला अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली प्रबंध अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली होती, एवढाच दिलासा. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. आणि येथे, दोन खंडांतील विद्यापीठांत शिकून आलेल्या या पदवीधरास, राहावयास जागा मिळाली नाही. हिंदूंच्या खाणावळी होत्या, पण खरी जात सांगून तेथे प्रवेश नव्हता आणि खोटी सांगणे त्यांना मान्य नव्हते. पारशांच्या एका धर्मशाळावजा विश्रामगृहात रोज दीड रुपया देऊन ते राहिले. नोंदवहीत पारशाचेच नाव असावे लागे, म्हणून तेथल्या रखवालदाराच्या संमतीने त्यांनी पारशी नाव धारण केले. वरच्या मजल्यावरचा तो मोठा, रिकामा दिवाणखाना, विजेचा दिवा नाही, अडगळीचे सामान आणि वटवाघळांची फडफड. तेथे एकट्याने पुस्तक घेऊन बसावयाचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा दम देऊन गेले. बाबासाहेबांनी दोन स्नेह्यांना विचारले. हिंदू स्नेही म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्यास पत्नीचा सल्ला घ्यावयाचा होता. मग ते कामाठी बागेत जाऊन बसले, आणि रात्रीच्या नऊच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

यापुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. सिडनॅम कॉलेजात अध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांनी साहाय्य केले. आणि उरलेले पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी. ज्या समाजाच्या काही माणसांनी काठ्या दाखवून बाबासाहेबांस विश्रामगृहाबाहेर काढले, त्याच समाजातला हा गृहस्थ. फरक एवढाच की तो त्यांच्याबरोबर वसतिगृहात राहिलेला होता. १९२० साली या पैशावर ते लंडनला परत गेले. या वेळचे बिऱ्हाड हलाखीचे होते. धनंजय कीरांच्या चरित्रात त्याचे वर्णन आहे: घरमालकीण कडक, न्याहारीस पावाचा तुकडा, रात्री पेलाभर बोव्हरिल आणि बिस्किटे, मध्यरात्रीच्या अभ्यासात भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेले पापड भाजून खावयाचे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना शिरावयाचे ते बंद होताना बाहेर पडावयाचे. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या त्या अशा रीतीने. त्या काळातील त्यांचे एक निवासस्थान, किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले.

स्वदेशी आल्यावर त्यांनी काय केले पाहा. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या आरंभी तिने सोलापुरास विद्यार्थी वसतिगृह काढले. सभेच्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक काम.

कोलंबियाविषयी एक पुरवणी जोडतो. त्याच विद्यापीठाच्या पायऱ्यांवर १९०९ साली हॅरी एडमंड्स या गृहस्थाने एका चिनी विद्यार्थ्यास सहज नमस्कार केला. तो म्हणाला, मला या शहरात येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्हीच पहिले. या एका वाक्याने अस्वस्थ होऊन एडमंड्स यांनी परदेशी विद्यार्थ्यांना घरी चहास बोलाविण्यास प्रारंभ केला, त्यातून मंडळ झाले आणि धाकट्या रॉकफेलरांच्या देणगीतून १९२४ साली ‘इंटरनॅशनल हाउस’ ही भव्य वास्तू उभी राहिली. ती आजही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चालते व तेथे सर्व देशांचे तरुण एकत्र राहतात.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे वाढली. १९४९ साली गणेशखिंडीच्या जुन्या गव्हर्नर बंगल्याच्या विस्तीर्ण आवारात पुणे विद्यापीठ सुरू झाले, १९५८ साली मराठवाडा, १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. प्रत्येकाने आवारात वसतिगृहे बांधली, तरी मागणीच्या मानाने ती कधी पुरली नाहीत. ज्यास खोली मिळत नाही तो गावात ‘कॉट बेसिस’वर राहतो, म्हणजे एका खोलीत चार-पाच खाटांपैकी एक खाट भाड्याने घेतो आणि डबा लावतो. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे व वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता निराळा मिळतो, हे खरे. पण ती थोड्यांनाच मिळते. अनुसूचित जातींतील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाने ‘स्वाधार’ योजना चालविली आहे. मोठ्या शहरांत ती वर्षाला साठ हजार रुपये देण्यासाठी योजली गेली. या दोहोंच्या मधले असंख्य विद्यार्थी, आपल्या ज्ञातीतील धरून, स्वतःच्या हिमतीवर असतात. २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी.स किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे दिलेली आहेत. एवढी वर्षे परक्या खाटेवर काढावयाची, आणि घरमालकाने सांगितले की महिन्याभरात दुसरीकडे जावयाचे. विद्यार्थिनींची अडचण याहून दुप्पट. प्रयोगशाळेतून रात्री दहास परतणाऱ्या मुलीस घर देणारे फार थोडे आणि प्रश्न विचारणारे फार.

समितीपुढील प्रस्तावास दोन प्रकारचा विरोध आमच्या कानी आला आहे. पहिला असा की, पदवीधर म्हणजे कमावता माणूस, त्याच्यावर समाजाचा पैसा का खर्चावा? वर दिलेली हकीकत वाचूनही ज्यांचे समाधान झाले नसेल त्यांनी आपल्या ओळखीच्या एखाद्या संशोधक मुलास महिन्याचा जमाखर्च विचारावा. दुसरा विरोध गंभीर आहे. प्रस्तावात असे सुचविले आहे की, नव्या मजल्यावरील पदव्युत्तर खोल्यांपैकी काही खोल्या इतर ज्ञातींच्या विद्यार्थ्यांस द्याव्यात. ज्यांच्या वाडवडिलांनी ज्ञातीच्या मुलांसाठी म्हणून दान दिले त्यांना हे खटकते, आणि त्यांच्या भावनेचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. दानपत्रातील अटी पाळल्याच पाहिजेत. म्हणून जुन्या इमारतीस हात लावू नये, नव्या वर्गणीतून जे बांधावयाचे त्याचीच ही गोष्ट आहे. पण भथेना बाबासाहेबांच्या ज्ञातीचे नव्हते, आणि लिव्हिंग्स्टन हॉलने त्यांना ज्ञात विचारून एकत्र ठेवले नव्हते. आपल्या मुलांनी चार वर्षे केवळ आपल्याच मुलांत राहून प्रबंध लिहावा, की ज्याच्याशी वाद होईल अशा परक्याच्या शेजारी राहून लिहावा, यांपैकी आमचे मत दुसऱ्या बाजूस आहे, आणि ते आम्ही सभेत मांडणार आहोत.

खोल्या झाल्याच तर नियमांत काही बदल लागतील. सध्याच्या नियमाप्रमाणे रात्री साडेदहास दिवे मालवितात व फाटकास कुलूप लागते. संशोधकास ते चालणार नाही. एप्रिलअखेर वसतिगृह रिकामे करण्याचा दंडक आहे. पण प्रयोग आणि क्षेत्रकार्य उन्हाळ्याची सुट्टी ओळखत नाहीत. पाहुणा एक रात्रीपेक्षा अधिक न ठेवण्याच्या नियमाचाही फेरविचार व्हावा, कारण गावाहून येणारे संशोधकाचे आईवडील किंवा पत्नी यांना मुंबई-पुण्यात उतरण्यास दुसरी जागा नसते. विद्यार्थिनींसाठी वेगळा जिना आणि वेगळा मजला धरून आराखडा करावा लागेल, व त्याचा खर्च आजच अंदाजपत्रकात घालावा. मागाहून पाहू असे म्हटले की ते राहूनच जाते. प्रत्येक खोलीत एक टेबल, एक कुलपाचे कपाट आणि एक खिडकी, एवढे मात्र कमी करू नये.